किट वगळून

म्हैसुरात दोन गोष्टी दिसायला लागल्या की दसरा जवळ आल्याचं कळायला मला कॅलेंडर लागत नाही. एक म्हणजे पाठीवर वाळूची पोती घेऊन सकाळी सरावाला निघालेले हत्ती, आणि दुसरी म्हणजे आमच्या अग्रहाराच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, कोपऱ्यावर रचलेले कोहळे. हत्तींचं कौतुक साऱ्या जगाला आहे. कोहळ्यांचं कौतुक फक्त आम्हाला, म्हणजे ज्यांच्या दारात चाकांवर चालणारं काहीतरी उभं असतं त्यांना. आयुधपूजेच्या दिवशी इथं सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना आंघोळ घालतात, हार घालतात, केळीचे खुंट बांधतात आणि शेवटी कुंकू भरलेला कोहळा त्यांच्यासमोर रस्त्यावर आपटून फोडतात. संध्याकाळपर्यंत रस्त्यांवर लाल-पांढरा चिखल होतो आणि त्यावरून कितीतरी स्कूटरवाले घसरतात. अपघात टळावा म्हणून करायच्या पूजेतच लोक आपटतात, हे मी पहिल्या वर्षी बोलून दाखवलं होतं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की तेव्हापासून मी निमूटपणे कोहळा आणते.

यंदाही आणला. तो दारात ठेवताना तीन-चार वर्षांपूर्वीचा दसरा आठवला. तसा तो दर वर्षीच आठवतो. बाकीचे दसरे एकमेकांत मिसळून गेले आहेत, हा एकटा वेगळा राहिला आहे.

तो सांगायचा तर आधी माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे वीसेक वर्षांपूर्वी म्हैसूरला आले. त्याआधी पुण्याजवळच्या एका कारखान्यात होते. तिथं एक नावाजलेली जर्मन मोटार तयार व्हायची. तयार व्हायची म्हणजे जोडली जायची. जर्मनीहून ती सुटी होऊन लाकडी पेट्यांतून यायची. एका पेटीत दारं, दुसरीत इंजिन, तिसरीत वायरींची भेंडोळी. अशा सुट्या गाडीच्या संचाला ‘किट’ म्हणायचे. माझं काम पेट्या उघडण्याच्या विभागात होतं. पेटीतून काय आलं यापेक्षा काय आलं नाही, ते शोधायचं. ती सवय अंगात इतकी भिनली, की आजही कुणाकडे जेवायला गेले तर ताटात काय वाढलेलं नाही ते मला आधी दिसतं. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर लग्नाला जायची सोय नाही. तो मंडप बघत असतो आणि मी न आलेले पाहुणे मोजत असते.

पेटीचं झाकण उचकटलं की आधी वास यायचा. पाइनच्या लाकडाचा, गंज धरू नये म्हणून फासलेल्या तेलाचा, आणि कुठल्यातरी थंड गावातल्या हवेचा. हे शेवटचं माझ्या मनाचं असेल. रिकाम्या पेट्यांचं लाकूड कामगार घरी न्यायचे. आमच्या ओळखीत कितीतरी जणांच्या घरी त्या लाकडाचे पलंग होते, पाळणे होते, देव्हारे होते. मी पुस्तकांचं कपाट करून घेतलं, ते माझ्याबरोबर इथं आलं. त्याच्या एका फळीवर काळ्या शाईत बाण छापलेला आहे, म्हणजे ही बाजू वर ठेवा. सुतारानं फळी उलटी बसवल्यामुळे तो बाण इतकी वर्षं जमीन दाखवतोय. मला ते कधी दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

गाडी अशी सुटी करून पाठवण्यात गंमत काही नव्हती, सगळा व्यवहार होता. अख्खी गाडी आणली की आयात कर जबर, सुटी आणली की कमी. शिवाय गाडी विकायची आहे ना, मग आमच्या माणसांना काम द्या, असं प्रत्येक देशाचं म्हणणं. म्हणून जुन्या जर्मन गाड्या अशा पेट्यांतून आयर्लंडला गेल्या, दक्षिण आफ्रिकेला गेल्या, ब्राझीलला, ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि तिथं जोडल्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी काही वस्तू पेटीत मुद्दाम घालायच्या नाहीत, त्या तिथल्याच वापरायच्या, असं ठरलेलं असे. आमच्या पेटीत काचा नसायच्या. टायर, बॅटरी, भोंगा, सीटचं कापड, हेही नसायचं. ते सगळं इथलं. नवीन लागलेली पोरं काच आली नाही म्हणून ओरडत यायची, तेव्हा त्यांना सांगावं लागायचं, की बाबांनो, ही तूट नाही, हे असंच आहे.

पुढं या गाड्या जुन्या झाल्या, म्हणजे क्लासिक झाल्या. मग शौकीन लोकांनी त्यांचे तक्ते केले. कुठलं मॉडेल, किती बनली. एकदा सहज म्हणून मी ते तक्ते बघायला बसले आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. बऱ्याच वेळानं तळाची बारीक अक्षरातली टीप दिसली. एका तक्त्यात ‘किट धरून’, दुसऱ्यात ‘किट वगळून’. जोडलेली गाडी ही बनवलेली गाडी मानायची की नाही, यावर त्या मंडळींचं एकमत नाही. माझ्या उमेदीची वर्षं त्या टिपेत होती. कुणीतरी ती धरली होती, कुणीतरी वगळली होती. मला वाईट वाटलं. इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

आता जाधवमामा. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. त्यांचे पूर्वज फार पूर्वी म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. मामा स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. घरात मराठी बोलतात, पण एक वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये कधी शिरलं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. आमची ओळख झाली ती भाषेमुळे, आणि वाढली ती गाडीमुळे. मामांच्या दारात एक करड्या रंगाची जर्मन गाडी उभी असायची. एका कॉफीमळेवाल्याकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. मी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. आमची. पुण्याची.

मामांना हे सांगितल्यावर ते खूश झाले, पण पूर्ण खूश झाले नाहीत. “पुण्यात जोडली, आय्तु, ठीक,” ते म्हणाले, “पण गाडी जर्मनच, अल्वा?” मी म्हटलं, हो, जर्मनच. तो विषय तिथं थांबला.

दसऱ्याच्या दिवसांत जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. एका वर्षी मामा मोठ्या उमेदीनं गाडी घेऊन गेले. बंगळूरहून आलेल्या परीक्षकांनी गाडीभोवती फेरी मारली, कौतुक केलं आणि शेवटी सांगितलं, की स्पर्धा मूळ स्वरूपातल्या गाड्यांची आहे. हिच्या काचा लोकल, भोंगा लोकल, सीटचं कापड लोकल. हे सगळं मूळ जर्मन करून आणलंत, तर घेऊ.

मामांनी ते मनावर घेतलं. का घेतलं, ते मला त्यांच्या बायकोनं, सीतक्कांनी सांगितलं. त्याच सुमाराला ते दोघं एका लग्नाला पुण्याला जाऊन आले होते. तिथं मामांचं मराठी ऐकून पोरंपोरी तोंडावर हात ठेवून हसली. कुणीतरी म्हणालं, तुम्ही मूळचे कुठले, कानडी का? “इथं सगळे आमाला मराठा म्हंतात, तिथं कानडी म्हंतात,” सीतक्का म्हणाल्या. “घरी येऊन दोन दिवस बोललेच नाहीत गं. मग गाडीच्या मागं लागले.”

मामांची मुलगी जर्मनीत नोकरी करते. तिला फोनवर फोन सुरू झाले. भोंगा आला. सीटचं कापड आलं. टायर आले. प्रत्येक वस्तू आली की मामा मला बोलावून दाखवायचे. त्याच काळात ते माझ्याशी बोलताना एकेक शब्दही बदलायला लागले. “सुम्ने बसलो होतो,” म्हणायचे आणि लगेच थांबून, “उगाच बसलो होतो.” मला ‘सुम्ने’ आवडायचं. तीन अक्षरी ‘उगाच’ला काही काम न करता बसण्याची ती ऐट नाही. पण मी काही बोलले नाही. सीतक्का मात्र सोडायच्या नाहीत. “गाडी जर्मन झाली, जीभ पुणेरी झाली,” त्या म्हणायच्या, “आता माझी पाळी कधी ते विचारून ठेव गं.”

दारांच्या काचा सगळ्यात शेवटी आल्या. पहिल्या खेपेला वाटेतच फुटल्या, मग पुन्हा मागवल्या. तो हा दसरा. नवरात्र बसलं होतं, मेळावा रविवारवर आला होता. सकाळी मामांचा फोन आला. “या हो, लौकर या. काच आली, नोडी, बघा!”

मी गेले तेव्हा अन्वरभाई मेकॅनिक कामाला लागले होते. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं आतलं पॅनेल काढून त्यांनी भिंतीला टेकवलं होतं. दाराचं उघडं पोट दिसत होतं. काच वरखाली करणारी यंत्रणा, तारा, आणि यंत्रणेला धरून ठेवणारे बोल्ट. आणि प्रत्येक बोल्टवर एक पिवळा ठिपका.

अन्वरभाईंनी थिनरचं फडकं उचललं. “ये पेंट के दाग पोंछ डालूँ क्या मॅडम? नये शीशे के साथ अच्छे नहीं लगते.”

“नको,” मी म्हटलं. माझा आवाज बराच मोठा झाला असावा, कारण मामा पायरीवरून उठून आले.

बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळला की त्यावर रंगाचा ठिपका ठेवायचा, ही आमच्या कारखान्यातली रीत होती. ठिपका म्हणजे हे काम झालं, मी बघितलं, मी जबाबदार. दारांच्या विभागाला पिवळा रंग दिलेला होता. काचेची यंत्रणा आवळायची ती काच बसवतानाच, आणि काच बसायची पुण्यात. तेव्हा हा ठिपका जर्मनीत पडलेला असणं शक्यच नव्हतं. कुणाचा असेल ते मला सांगता येणार नाही. पण त्या विभागातली सगळी माणसं मी नावानिशी ओळखत होते. त्यांच्याबरोबर डबा खाल्लेला होता.

मी मामांना हे सगळं सांगितलं. मग त्यांच्या उत्साहापुढं इतके दिवस टाळलेलं आणखी एक सांगावं लागलं, आणि ते अवघड होतं. पेटीत काच नसायचीच. भोंगा नसायचा. कापड नसायचं. ही गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली, तेव्हा तिच्यावर इथलीच काच होती, इथलाच भोंगा होता. तिचं मूळ स्वरूप तेच.

मामांनी वाकून एका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “म्हंजे मी खरी करता करता खोटी केली की हो.”

मी म्हटलं, तसं नाही मामा. पण तसंच होतं. त्यांनी तक्त्याबद्दल विचारलं, मी मागं कधीतरी बोलले होते त्याबद्दल. मी फोनवर काढून दाखवला. “यात आपली गाडी कुठं?” मी तळाची टीप दाखवली. किट वगळून. “वगळून म्हंजे?” मी म्हटलं, मोजलेली नाही. त्यांनी मान हलवली. मोजलं न जाण्याची सवय असलेल्या माणसासारखी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

भिंतीला नवी जर्मन काच गुंडाळलेली उभी होती. ती बसवली की गाडी रविवारी स्पर्धेत जाणार, हे परीक्षकांनी कबूल केलं होतं. नाही बसवली तर नाही. आणि ती बसवताना ते बोल्ट निघणार, म्हणजे पुण्याची म्हणता येईल अशी शेवटची खूणही गाडीवरून जाणार. मला ती राहायला हवी होती. पण गाडी माझी नव्हती, आणि त्या लग्नात हसं झालं तेही माझं नव्हतं. मामा अन्वरभाईंना म्हणाले, “आज राहू दे. उद्या सांगतो.” मी घरी आले. वाटेत स्वतःवर चिडले, की कशाला बोललीस? तीन वर्षं माणूस एका गोष्टीसाठी धडपडतोय, आणि तू येतेस आणि पेटी उघडून काय नाही ते सांगतेस.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी शहरभर दिवे लागायचे, रस्त्यांत पाऊल ठेवायला जागा नसायची, आमच्याकडे पुण्याचे पाहुणे होते आणि त्यांना राजवाडा दाखवायचा होता. ‘वृंदा, तुझं लक्ष कुठंय?’ असं मला दोनदा विचारलं गेलं. माझं लक्ष एका दाराच्या पोटात होतं.

एकदा फक्त सीतक्का फुलं घ्यायला चालल्या होत्या त्या भेटल्या. गाडीची जुनी कापडं, टायर सगळं दसऱ्याच्या साफसफाईत गुजरीवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला देऊन टाकल्याचं त्यांनी सांगितलं. भोंगा तेवढा गल्लीतल्या रिक्षावाल्याला दिला होता. मला एकदम उलगडा झाला. त्या रिक्षाचा आवाज ऐकून अख्खा अग्रहार मोठी मोटार आली म्हणून बाजूला सरायचा आणि मागून तीन चाकं यायची. “काल हे गेले होते भोंगा परत मागायला,” सीतक्का म्हणाल्या. “तो म्हंतो, यावर दोन आयुधपूजा झाल्या, आता देत नाही. एवढंसं तोंड करून परत आले.” मला हसू आलं आणि लगेच आशाही वाटली. भोंगा परत मागायला गेले म्हणजे काहीतरी चाललंय डोक्यात. पण मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी मेळाव्याच्या मैदानावर गेले. स्पर्धेच्या रांगेत करडी गाडी नव्हती. रांगेच्या पार शेवटी, नळाजवळ, नुसत्या प्रदर्शनासाठी आलेल्या गाड्यांत ती उभी होती. मी जवळ जाऊन काचेचा कोपरा पाहिला. त्यावर बारीक कोरलेलं इथल्या कंपनीचं चिन्ह होतं. जुनीच काच.

मामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात शेजारी उभे होते. परीक्षक तिथंच होते आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “सर, काच तेवढीच तर राहिली होती,” ते म्हणाले. मी मध्ये पडले. पेट्या, काच, ठिपका, सगळं सांगितलं, जरा तावातावानंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “तुमचं बरोबर असेल मॅडम. पण आम्ही जर्मन कारखान्याचं वर्णन धरूनच तपासतो.” मी आणखी बोलणार होते. मामांनीच मला थांबवलं. “राहू द्या हो, वृंदाबाई. सुम्ने कशाला?” आणि या वेळी त्यांनी तो शब्द बदलला नाही.

लोक गाडी बघायला येत होते. इथं माणसाला नाव विचारण्याआधी गाव विचारतात, निम्म ऊरु यावदु, तुमचं गाव कुठलं? तसंच गाडीचंही विचारत होते. प्रत्येकाला मामा सांगत होते, “जर्मनीहून पेटीत आली, पुण्यात जोडली, आता इथली.” एकदा, दोनदा, दहादा. बक्षिसं वाटली गेली तेव्हा मात्र ते गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी काच वर केली. त्यांना वाईट वाटलं होतं. वाटणारच. मी काही त्यांची समजूत घातली नाही.

मग नवमी आली, आयुधपूजेची. सकाळी आमच्या गाडीची पूजा उरकून मी मामांकडे गेले. दारात करडी गाडी न्हाऊनमाखून उभी होती. पुढं केळीचे खुंट, बोनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. वाटायला चुरमुरे आणि डाळ्याची परात तयार होती. फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं आणि त्याचं आतलं पॅनेल काढून भिंतीला टेकवलं होतं.

“अन्वरभाई आलेत?” मी विचारलं.

“त्यांच्या गॅरेजात आज त्यांची पूजा,” सीतक्का म्हणाल्या. “यांनीच काढलं. पहाटेपासून बसलेत स्क्रूड्रायव्हर घेऊन. बोट कापून घेतलंय.”

मामांच्या बोटाला चिंधी होती. त्यांनी कुंकवाची वाटी माझ्यापुढं धरली. “स्टीअरिंगला, चाकांना, इंजिनला, सगळीकडं लावलं मी,” ते म्हणाले. “इथं तुमी लावा. तुमच्या माणसांनी आवळलेलं हाय.”

मी दाराशी वाकले. आतून अजून तेलाचा वास येत होता. पिवळे ठिपके जसेच्या तसे होते. ज्यांनी ते ठेवले, त्यांतले काही निवृत्त झाले असतील, काही आता नसतीलही. माझे डोळे भरून आले आणि मला नीट दिसेना. मी मागं वळून म्हटलं, “सीतक्का, हळद कुठंय? आधी हळद लावायची ना?”

सीतक्का पुढं आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी दाराच्या आत पाहिलं.

“हळद कधीच लावून ठेवलीय की गं तुझ्या माणसांनी,” त्या म्हणाल्या. “तू कुंकू तेवढं लाव.”